मिरजेहून परत आलेली कॅसेट

"कॅसेट लावा," मी म्हणाले.

हसबनीस दारात उभे होते. अंगात बनियन, हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. तीन वर्षं नुसता आवाज ऐकला होता, तोही कॅसेटवर. पण दोन शब्दांत त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की माझी उरलीसुरली शंका तिथंच फिटली.

"आल्हाटबाई? अहो, येणार म्हणून कळवायचं तरी."

"कळवायचं? तुम्ही कळवलंत मला?"

"आत तर या."

"येणारच आहे. नगरहून रात्रभर एस.टी.त हाडं खिळखिळी करून घेतली, ती काय उंबऱ्यावर उभं राहायला?"

आतून पदराला हात पुसत त्यांच्या बायको आल्या. "अगंबाई, नगरच्या नाओमी ना तुम्ही? किती बोलतात हे तुमच्याबद्दल! बसा, चहा टाकते."

"चहा नको, वहिनी. मी भांडायला आलेय."

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा नगरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन आणि जिभेला लगाम. कोणीही उठून शिव्या घालायचं आणि मी "थांबा, जोडून देते" म्हणायचं. त्यामुळे ड्यूटी सुटली की मला तोंड सोडायला कोणीतरी लागायचं. बहुतेक वेळा ते कोणीतरी म्हणजे आई असायची. वय एकतीस, लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघी, आणि एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवणारा माझा दोन खणी टेपरेकॉर्डर.

मला सोलचं वेड होतं. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. चर्चमध्ये जन्मलं, मग बाहेर पडून प्रेमाबिमाचं बोलायला लागलं, पण चर्चमधला हंबरडा काही सुटला नाही. मी स्वतः चर्चच्या गायकवृंदात वाढलेली. रेडिओवर ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ह्या बायका आमच्याच गल्लीतल्या आहेत.

हसबनीसांनी एका साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या, की सोल ऐकणारं महाराष्ट्रात कोणी असेल तर कळवावं. सबंध महाराष्ट्रातून दोन पत्रं गेली. एक माझं, एक सोलापूरच्या बागवानसरांचं. झालं आमचं मंडळ.

पद्धत हसबनीसांनी ठरवली. प्रत्येकाने पाळीपाळीने एक मिक्स करायचं. म्हणजे कॅसेटच्या एका बाजूवर अर्ध्या तासात सात-आठ गाणी अशी जोडायची की एक कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं ते कळू नये. दुसरी बाजू कोरी ठेवायची, ती अभिप्रायाला. कॅसेट टपालाने पुढच्याकडे जाणार, तो मिक्स ऐकणार, कॅसेट उलटी करणार आणि कोऱ्या बाजूवर आपलं मत बोलणार. मग ती तिसऱ्याकडे. तिसरा आपलं मत त्यापुढे जोडून ज्याची त्याला परत पाठवणार. पत्रात माणूस सांभाळून लिहितो, बोलताना खोटं लगेच कळतं, असं हसबनीसांचं म्हणणं.

बागवानसर गोड माणूस. त्यांना सगळंच आवडायचं. हसबनीसांना काहीच आवडायचं नाही. ते मिरजेच्या एका दवाखान्यात वायरमन होते. तिथल्या एका गोऱ्या डॉक्टरने मायदेशी जाताना त्यांना सत्तर तबकड्या देऊन टाकल्या, तेव्हापासून हे सोलचे शंकराचार्य. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! पण काय बोलायचे हो. "आल्हाटबाई, तुम्ही गाणी जोडलेली नाहीत, एकमेकांवर आदळली आहेत." "हे मिक्स नाही, भेळ आहे. तीसुद्धा सादळलेली." मी टेपरेकॉर्डरला शिव्या घालायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अगं, त्या पेटीला काय कळतंय?" आणि पुढच्या मिक्समध्ये मी नेमकं तेच दुरुस्त करायची. हे मात्र मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

एका कॅसेटवर ते म्हणाले, "बाई, किती ही खरखर! कॉपीची कॉपी, तिची आणखी कॉपी. पिठाच्या गिरणीत उभं राहून गाणं ऐकतोय मी. एकदा तरी मूळ आवाज पाठवा. एकच. मग मानेन की तुम्हाला कान आहे."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

माझी आई, सगुणाबाई, मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या करायची. रोजच्या दोनशे. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसून गायची. पुढे ये म्हटलं तर म्हणायची, माझ्या साडीला फोडणीचा वास येतो. तिचं एक गीत होतं, तिच्या आईने शिकवलेलं, ओवीच्या चालीवर. ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी सहा महिने मागे लागले, तेव्हा एका रविवारी ती तयार झाली. तिचे मूत्रपिंडाचे उपचार चालू होते, पाय सुजलेले. स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, मी टेपरेकॉर्डर तिच्यासमोर पाटावर ठेवला आणि हाताला लागली ती कॅसेट घातली. त्यात मामेभावाच्या लग्नातली भाषणं होती, ती संपून पुढे पाच-सात मिनिटं कोरी होती. त्यात तिने गाणं म्हटलं. मला दुपारची ड्यूटी होती, मी गेले.

त्यानंतर अठरा दिवसांनी आई गेली.

तिचा आवाज जगात तेवढा एकच, त्या कॅसेटवर. आणि मी तो ऐकला नव्हता. ऐकणं जमतच नव्हतं. पहिला श्वास यायचा, की माझा हात बटणावर. अकरा महिन्यांनी माझी मिक्सची पाळी आली तेव्हा मी ती लग्नातली भाषणं पुसली आणि त्यांच्या जागी सात गाणी अशी बसवली की सातवं संपतंय तोच आईचा श्वास यावा. सात काळ्या बायका आणि आठवी सगुणाबाई. नाव लिहिलं नाही. म्हटलं, ओळखू दे त्या शहाण्याला. मूळ आवाज पाहिजे ना? घे.

लोक मला विचारतात, अगं, मग आधी एक कॉपी का नाही केलीस? घरात दोन खणी टेप होता ना? होता. पण कॉपी करायची म्हणजे ते सगळं वाजणार. आवाज शून्यावर नेऊनही कॉपी होते, मला काय ठाऊक नव्हतं? पण आईचा आवाज शून्यावर न्यायचा, ते बटण माझ्याच्याने फिरवेना. मूर्खपणा होता. कबूल. मी कॅसेटच्या मागची ती टिकली मोडली, म्हणजे त्या बाजूवर कोणाला काही भरता येऊ नये, आणि रजिस्टर पोस्टाने मिरजेला पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी ती परत आली. सोलापूरला जायला पाहिजे होती, ती सरळ माझ्याकडे. सोबत एक चिठ्ठी. "मत नोंदवले आहे. कृपया पुढे पाठवू नये."

मी आधी दुसरी बाजू लावली. कोरी. पहिली लावली. सातही गाणी जशीच्या तशी. सातवं संपलं, आता आईचा श्वास येणार म्हणून माझा हात बटणाकडे गेला आणि आवाज आला, "हं. आल्हाटबाई."

मी पुढे पळवली. हसबनीस. आणखी पुढे. हसबनीस. कॅसेट संपेपर्यंत तो एकच माणूस बोलत होता. मी त्याच संध्याकाळी एस.टी. पकडली.

"कुठे आहे तुमचं ते मशीन?" मी आत शिरत विचारलं. ते समोरच्या टेबलावर होतं, विणलेल्या रुमालाखाली. मी रुमाल ओढला.

"बाई, माझं ऐकून घ्या. मला वाटलं एक कॉपी तरी तुमच्याकडे असेल. कॉपी न ठेवता मूळ कोण पाठवतं?"

"तुम्हीच सांगितलंत पाठवा म्हणून!"

"मी आपलं बोलण्याच्या ओघात..."

"ओघात? उचलली जीभ लावली टाळ्याला? तुमचा एकेक शब्द मी तीन वर्षं पाळलाय, हसबनीस!" मी त्यांना नेहमी काका म्हणायची. तो काका त्या दिवशी गळला, तो परत लागला नाही.

वहिनी दारातच थांबल्या. "काय झालं? काय केलंत हो तुम्ही?"

"ह्यांनी माझ्या आईचं गाणं पुसलं," मी सांगितलं. "आई गेली माझी. तेवढंच होतं."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणून आठ दिवस अन्न गोड लागत नव्हतं होय? मला म्हणाले, पित्त झालंय."

"मी टिकली मोडली होती," मी म्हणाले. "तिच्यावर काही भरलंच जायला नको होतं. कसं गेलं?"

हसबनीस खुर्चीत बसले. त्यांच्या मशीनचं जुनं दुखणं होतं, मोडलेल्या टिकलीचं भोक दिसलं की ते वाजायलाही अडून बसायचं. म्हणून आलेल्या प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही भोकांवर ते आधी चिकटपट्टी लावून ठेवत. माझ्याही लावली. "जेवायला उठलो होतो," ते म्हणाले. "परत येऊन बसलो तेव्हा वाटलं, कॅसेट मी उलटी केली आहे. बोलायला लागलो. बोलता बोलता मध्येच खट्कन थांबली. इतक्यात कशी संपली म्हणून काढून पाहिली तर..."

"तर?"

"तर पहिली बाजू."

"म्हणजे त्याच क्षणी कळलं तुम्हाला. आणि लिहिलंत काय? मत नोंदवले आहे! शरम नाही वाटली?"

"तीन पत्रं लिहिली, बाई. तिन्ही फाडली."

"चौथं लिहायचं! आणि पाठवायचं! माझ्या मिक्सला भेळ म्हणताना कधी पत्र फाडलंत?"

मला आणखी चेव आला. "आणि मला सांगा, अर्ध्या तासाची बाजू. त्यात कुठेही बोलायला लागला असतात. नेमकं तिच्या पहिल्या श्वासापासून कसं पुसलं? एक गाणं आधी नाही, एक ओळ नंतर नाही. दुष्टाव्याने केलं असतं तरी इतकं नीट जमलं नसतं."

ते खाली पडलेला रुमाल उचलून त्याची घडी घालायला लागले.

"लावा कॅसेट," मी म्हणाले.

"नको. काय ऐकायचंय त्यात?"

"मी ऐकलेलं नाही अजून. माझ्या आईला पुसून तुम्ही काय एवढं मोलाचं बोललात, ते मला तुमच्यासमोर ऐकायचंय. वहिनी, तुम्हीही बसा."

त्यांनी कॅसेट घातली. सातव्या गाण्याचा शेवट आला, बारीक खट् झालं आणि त्या खोलीत दोन हसबनीस झाले. एक खुर्चीत मान खाली घालून, एक मशीनमध्ये ताठ.

"हं. आल्हाटबाई. आधी वाईट सांगतो. दुसऱ्या गाण्यावरून तिसऱ्यावर येताना तुम्ही घाई केलीत. ती बाई अजून रडतेय आणि तुम्ही ढोल सुरू केलात. मयताच्या घरातून वरात काढल्यासारखं वाटतं. पाचवं गाणं काढा. ते तुम्हाला आवडतं म्हणून ठेवलंय, तिथे बसत नाही. सहावं बरं जुळलंय. तुम्हाला जमायला लागलंय, पण अजून तुम्ही ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही, सारखं हाताला धरून नेता."

"बघा," मी वहिनींना म्हणाले. "ह्यासाठी पुसली माझी आई."

मशीनमधले हसबनीस पुढे बोलले तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू येईना, इतका खाली आला होता.

"आता शेवटचं गाणं. ही बाई कोण ते तुम्ही लिहिलेलं नाही. लिहायला पाहिजे होतं. हे मूळ आहे, कॉपी नाही, पलीकडे नळ ठिबकतोय तो ऐकू येतो. बाई जमिनीवर बसून गातेय. दम कमी आहे, आजारी असावी. पहिल्या कडव्यात ओळ मध्येच तोडते. कोणी शिकवलेलं नाही हिला. दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी होते. दुसरं कोणी थांबलं असतं नाहीतर दचकलं असतं. ही काय करते, तर शिट्टी ज्या सुरात आहे तो सूर पकडते आणि तिथून ओळ उचलते. हसत उचलते, हसू ऐकू येतं. बाई, मी हे सहा वेळा मागे नेऊन ऐकलं. बायको जेवायला हाका मारत होती. सातव्यांदा ऐकायचं म्हणून पहिल्या श्वासावर आणून ठेवलं आणि मगच उठलो. तिसऱ्या कडव्यात ती शब्द विसरते. नुसता हुंकार देते. तुमच्या आधीच्या सातही गाण्यांत मिळून त्या हुंकाराएवढं काही नाही. पुढे सूर उतरायला लागतो, तर ती त्याला ओढून धरत नाही, उतरू देते. आणि ती मशीनसाठी गातच नाहीये. समोर कोणीतरी बसलंय, त्याला सांगतेय. सत्तर तबकड्या आहेत माझ्याकडे. त्यात ही बाई नाही, ह्याचा मला राग आला. आणि गाणं संपल्यावर ती जे विचारते, आणि त्यावर तुम्ही..."

खट्. बाजू संपली.

वहिनी रडत होत्या. मी नाही. माझा संताप इतका वाढला होता की रडायला जागा नव्हती. ज्या माणसाला तिचं गाणं कळलं, त्यानेच ते पुसलं. इतकं आवडलं की सातव्यांदा ऐकायला नेमकं तिथं आणून ठेवलं, म्हणून पुसलं. मूर्ख, निष्काळजी माणसाने केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्याला काय घालू? आणि सगळ्यांत चीड आली ती ह्याची, की कुकरची शिट्टी मला आठवत नव्हती. मी तिथं बसले होते, तिच्यासमोर, हातभर अंतरावर. मिरजेच्या ह्या वायरमनला माझ्या आईबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"काय विचारते?" मी म्हणाले.

हसबनीस मशीनमधून कॅसेट काढायला लागले.

"गाणं संपल्यावर ती काहीतरी विचारते म्हणालात. काय विचारते?"

"तुम्ही ऐकलेलं नाही?" त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहवत नव्हतं, पण मी पाहिलं. "बाई, एकदाही नाही?"

"नाही. तुम्ही एकटेच ऐकणारे. सांगा."

"जाऊ द्या आता."

"तीन वर्षांत कधी काही जाऊ दिलंत? एक चुकीचा ठोका जाऊ दिलात? आणि आता बरी दया येतेय! सांगा म्हणतेय ना."

"अहो, सांगा त्यांना," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं आहे ते."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"त्यांनी विचारलं," ते म्हणाले, "चुकलं गं माझं मधे. परत म्हणू का?"

आईचं बोलणं त्या माणसाच्या तोंडून जसंच्या तसं आलं, तो 'गं' सुद्धा.

"मग? मी काय म्हणाले?"

"तुम्ही म्हणालात, आता नको. उद्या बघू."

मला काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तीस वर्षं होऊन गेली. हसबनीस वारले, बागवानसर वारले, ती कॅसेट माझ्या कपाटात आहे. मी त्यांना माफ केलं नाही, आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. त्यांनी ते ऐकून घेतलं. पण त्या खोलीत त्या क्षणी माझ्या मनात आलं, हा खोटं बोलतोय, स्वतःची सुटका करून घ्यायला माझ्यावर ढकलतोय. मी त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. खोटं सांगता येत असतं त्या माणसाला, तर माझ्या मिक्सला एकदा तरी छान म्हणाला असता.

"कशी म्हणाले?" मी विचारलं. "आवाज कसा होता माझा?"

"अहो, नका," वहिनी म्हणाल्या. आता त्या नवऱ्याला अडवत होत्या.

"कंटाळलेला," हसबनीस म्हणाले.

"आणि त्यावर आई? ती काय म्हणाली?"

"त्यांनी 'बरं' म्हणायला सुरुवात केली होती. पुढे काही नाही, बाई. तुम्ही बटण बंद केलंत."